शितावरून भाताची परीक्षा
मारक टी-पेशी रोगट पेशी कशी ओळखतात आणि ती कशी नष्ट करतात

तटाच्या आतला शत्रू

सन १८५८ च्या मार्च महिन्यात सर ह्यू रोज ह्याच्या सैन्याने झाशीला वेढा घातला. शहराला तट होता, बुरुजांवर तोफा होत्या. शत्रू तटाबाहेर होता तोवर त्या तोफांचा मारा त्याच्यावर करता येत होता. एप्रिलच्या आरंभी शत्रू शहरात शिरला आणि लढाई गल्लीबोळांत व घराघरांत येऊन पोहोचली. त्या वेळी झाशीत असलेले वरसईचे विष्णुभट गोडसे ह्यांनी 'माझा प्रवास' ह्या ग्रंथात तो प्रसंग प्रत्यक्षदर्शी म्हणून वर्णिला आहे. तो इतिहास पुन्हा सांगण्याचा येथे हेतू नाही. त्यातील एक अडचण मात्र आपल्या विषयाशी जुळणारी आहे. शत्रू घरात शिरला की तोफ निरुपयोगी होते, कारण ती डागावी तर आपलेच शहर उद्ध्वस्त व्हावयाचे. अशा वेळी हवा असतो तो निराळ्याच प्रकारचा शिपाई. दारावरून जाता जाता आत कोण आहे हे त्याला कळले पाहिजे, आणि शेजारच्या घराला धक्का न लावता तेवढ्याच घराचा बंदोबस्त त्याला करता आला पाहिजे.

आपल्या शरीरावर हा प्रसंग वारंवार येतो. रक्तात व शरीरातील इतर द्रवांत प्रतिपिंडे नावाची प्रथिने फिरत असतात. बाहेरून आलेला जंतू किंवा विषाणू उघड्यावर सापडला तर ती त्याला चिकटतात आणि त्याच्या नाशाला साहाय्य करतात. परंतु विषाणूचा सारा संसार पेशीच्या आत चालतो. त्याला स्वतःची वाढ स्वतः करता येत नाही. तो पेशीत शिरतो, तिचीच यंत्रसामग्री वापरून आपल्या शेकडो प्रती तयार करवितो आणि मग बाहेर पडतो. एकदा तो आत शिरला की प्रतिपिंडांचा हात त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण पेशीचे पटल ओलांडून आत जाण्याचे सामर्थ्य त्यांच्यात नसते. कर्करोगात तर अडचण आणखी बिकट होते. तेथे बिघडलेली पेशी मुळात आपल्याच कुळातील असते.

प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात. ह्या अफाट वस्तीत बिघडलेले घर बाहेरून ओळखावयाचे आणि ते एकटेच पाडावयाचे, हे काम ज्या पांढऱ्या पेशी करतात त्यांना मारक टी-पेशी असे म्हणतात. त्यांचे हे कार्य कसे चालते, ते कसे उलगडत गेले, आणि त्या ज्ञानाचा उपयोग मुंबईतील शास्त्रज्ञांनी व वैद्यांनी कसा करून घेतला, ते ह्या पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

पेशीच्या दारातील वानगी

धान्याचा व्यापारी पोते उघडून ओतत बसत नाही. पोत्यात परखी खुपसून तो मूठभर वानगी काढतो आणि तिच्यावरून सगळ्या पोत्याची पारख करतो. घरातील गृहिणीही एक शीत चेपून भात शिजला की नाही हे सांगते. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी अशीच आपल्या अंतरंगाची वानगी स्वतःच्या पृष्ठभागावर सतत मांडून ठेवीत असते. मारक टी-पेशीची सारी परीक्षा ह्या वानगीवर अवलंबून आहे.

ही वानगी तयार होण्याची रीत अशी. पेशीत अहोरात्र नवी प्रथिने घडत असतात, तशीच जुनी झालेली व सदोष निपजलेली प्रथिने मोडीतही निघत असतात. मोडीचे हे काम प्रोटिअसोम नावाचे पिंपाच्या आकाराचे एक सूक्ष्म यंत्र करते. प्रथिनाची लांब साखळी एका तोंडाने आत जाते आणि तिचे बारीक तुकडे होऊन बाहेर पडतात. ह्यांतील काही तुकडे पेशीतील आंतर्द्रव्यजालिका नावाच्या भागात नेले जातात. तेथे एचएलए नावाचे रेणू त्यांची वाट पाहत असतात. ह्या रेणूच्या माथ्यावर एक खाच असते. आठ ते दहा अमिनो आम्लांचा एक तुकडा तीत नीट बसतो, आणि मग तो रेणू आपला तुकडा घेऊन पेशीच्या पृष्ठभागावर येऊन उभा राहतो. एकेका पेशीवर असे लाखभर रेणू असू शकतात.

निरोगी पेशीच्या दारात जे तुकडे दिसतात ते सारे तिच्या स्वतःच्या प्रथिनांचे असतात. आता तिच्यात इन्फ्लुएंझाचा विषाणू शिरला असे समजा. विषाणूची प्रथिने तेथे घडू लागतात आणि त्यांतील काही इतर प्रथिनांप्रमाणेच प्रोटिअसोमच्या तोंडी पडतात. मोडीचे यंत्र आपले आणि परके असा भेद करीत नाही. त्यामुळे काही तासांतच पेशीच्या दारात एखादा परका तुकडा दिसू लागतो. पेशीने हाक मारलेली नसते, विषाणूनेही आपली ओळख दिलेली नसते. परंतु घरात काय शिजत आहे ते ह्या एका शितावरून बाहेर कळते.

कॅनबेरा येथील शोध

ही गोष्ट आज सोपी वाटते; पण तिचा माग लागला तो एका अनपेक्षित अनुभवातून. सन १९७४ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल हे दोन तरुण संशोधक एकाच प्रयोगशाळेत काम करीत होते. पहिला शिक्षणाने पशुवैद्य, दुसरा स्वित्झर्लंडहून आलेला डॉक्टर. मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या एका विषाणूची बाधा त्यांनी उंदरांना केली, त्या उंदरांच्या प्लीहेतून मारक टी-पेशी काढल्या आणि त्या काचपात्रात त्याच विषाणूने बाधित झालेल्या पेशींवर सोडल्या. बाधित पेशींत किरणोत्सर्गी क्रोमियम आधीच भरून ठेवलेले असे. पेशी मेली की ते बाहेर झिरपे, आणि ते मोजले की किती पेशी मारल्या गेल्या ह्याचा हिशेब लागे.

बाधित पेशी त्याच वाणाच्या उंदराच्या असल्या म्हणजे टी-पेशी त्यांना मारीत. परंतु पेशी निराळ्या वाणाच्या उंदराच्या असल्या, तर तोच विषाणू त्यांत असूनही टी-पेशी त्यांना स्पर्श करून पुढे निघून जात. विषाणू एकच, मग एका ठिकाणी तो ओळखू यावा आणि दुसऱ्या ठिकाणी येऊ नये, हे कसे? उत्तर असे निघाले की, टी-पेशी नुसता विषाणू पाहत नाही. आपल्या कुळाची खूण आणि तिच्यावरील परकेपणाचा डाग ह्या दोन गोष्टी ती एकत्र पाहते. कुळाची खूण म्हणजे वर सांगितलेला रेणू. माणसात त्याला एचएलए म्हणतात. उंदरातील त्याच्या भावंडाचे नाव निराळे आहे. ह्या शोधाबद्दल दोघांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

परकेपणाचा डाग म्हणजे नेमके काय, हे पुढील दशकात कळले. सन १९८६ मध्ये इंग्लंडमधील ॲलन टाउनसेंड ह्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, इन्फ्लुएंझाच्या विषाणूच्या अगदी पोटात असणाऱ्या प्रथिनाचे लहान तुकडे जरी पेशीला बाहेरून लावले, तरी मारक टी-पेशी त्या पेशीवर तुटून पडतात. म्हणजे अख्खा विषाणू नको, अख्खे प्रथिनही नको. एक तुकडा पुरतो. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पामेला ब्योर्कमन, जॅक स्ट्रॉमिंजर आणि डॉन वायली ह्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने एचएलए रेणूची आकृती निश्चित केली. तीत माथ्यावरची खाच स्पष्ट दिसली, आणि त्या खाचेत काहीतरी बसलेलेही दिसले. वानगीचे पात्र आणि वानगी अशी दोन्ही हाती लागली.

ह्यावरून आणखी एका कोड्याचा उलगडा होतो. एचएलए रेणूंचे मानवजातीत हजारो प्रकार आहेत, आणि ह्या वर्गाचे जास्तीत जास्त सहा मुख्य प्रकार एका व्यक्तीला आईवडिलांकडून मिळतात. प्रत्येक प्रकाराची खाच थोडी निराळी असल्याने तीत बसणारे तुकडेही निराळे असतात. एखाद्या विषाणूचे तुकडे एकाच्या खाचेत बसले नाहीत, तर ते शेजाऱ्याच्या खाचेत बसतात. त्यामुळे सगळ्या समाजाला एकाच वेळी चकविणे विषाणूला कठीण जाते. मूत्रपिंडाचे रोपण करताना डॉक्टर दात्याचे व रुग्णाचे एचएलए जुळवून पाहतात, त्याचे कारणही हेच. परके एचएलए दिसले की टी-पेशी त्या अवयवाला बाधित समजून त्याच्यावर चाल करतात.

थायमसमधील परीक्षा

दारावरची वानगी पाहण्यासाठी टी-पेशीजवळ एक ग्राही रेणू असतो. हाच तिचा डोळा. एका टी-पेशीवर ग्राही अनेक असले तरी ते सारे एकाच साच्याचे असतात. म्हणजे एक टी-पेशी स्थूलमानाने एकाच तऱ्हेचा तुकडा ओळखू शकते. मग उद्या कोणता नवा विषाणू येईल हे ठाऊक नसताना शरीर तयारी कशी करते? ग्राही घडविणारी जनुके तुकड्यातुकड्यांची असतात, आणि प्रत्येक नवी टी-पेशी पत्ते पिसल्याप्रमाणे ते तुकडे निराळ्या क्रमाने जुळविते. त्यातून कोट्यवधी प्रकारचे ग्राही निर्माण होतात. आजवर कधीही न पाहिलेल्या शत्रूलाही ओळखील अशी एखादी पेशी त्यांत बहुधा सापडते.

परंतु पत्ते आंधळेपणाने पिसले की वाईट डावही यावयाचेच. काही ग्राही कोणताच एचएलए ओळखत नाहीत. त्या पेशी निरुपयोगी. काही ग्राही शरीराच्या स्वतःच्याच तुकड्यांना घट्ट धरतात. त्या पेशी घातक. ह्यांची निवड छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला असलेल्या थायमस ग्रंथीत होते. अस्थिमज्जेत जन्मलेल्या टी-पेशी येथे येतात. आपल्या कुळाची खूण ओळखता येते काय, ही पहिली परीक्षा. आपल्याच माणसावर हात उगारत नाही ना, ही दुसरी. नापास झालेल्या पेशी त्याच ग्रंथीत मरून जातात. शंभरांपैकी जेमतेम दोन ते पाच पेशी उत्तीर्ण होऊन रक्तात उतरतात.

ही ग्रंथी बालपणी मोठी असते व तारुण्यानंतर आक्रसत जाते. त्यामुळे तिला काही महत्त्वाचे काम नसावे, असे एके काळी मानीत. सन १९६१ मध्ये लंडन येथे जॅक मिलर ह्यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांतून ती काढून टाकली. त्या उंदरांच्या रक्तातील लसीका पेशी फार कमी झाल्या, आणि दुसऱ्या उंदराच्या कातड्याचे कलमदेखील त्यांच्या अंगावर विनातक्रार टिकून राहिले. आपले आणि परके हा विवेक कोठे शिकविला जातो, ते त्या प्रयोगाने दाखविले. 'टी-पेशी' ह्या नावातील 'टी' हे थायमसचेच आद्याक्षर होय.

इतक्या कसोटीनंतरही थायमसमधून आलेली कोरी पेशी लगेच कोणाला मारीत नाही. आधी तिला लसीका ग्रंथीत जाऊन परवानगी घ्यावी लागते. रोगाच्या ठिकाणाहून शाखायुक्त पेशी परके तुकडे घेऊन तेथे येतात आणि धोक्याची आणखी एक खूणही बरोबर दाखवितात. तुकडा आणि धोक्याची खूण ही दोन्ही पटली, तरच टी-पेशी जागी होते आणि तिचे विभाजन सुरू होते. सुमारे आठवड्याभरात एकीच्या हजारो होतात. पायाला जखम होऊन ती चिघळली की जांघेत अवधाण येते, हे पुष्कळांनी अनुभवले असेल. लसीका ग्रंथीत पेशींची अशी गर्दी आणि वाढ होणे हेच त्या फुगण्याचे एक कारण असते. फ्लूचे पहिले काही दिवस कष्टाचे का जातात आणि आठवड्याभरात उतार का पडू लागतो, ह्याचाही काही उलगडा येथे होतो. लढाई संपल्यावर बहुतेक मारक पेशी मरून जातात. थोड्या मात्र स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात, आणि तोच शत्रू पुन्हा आला तर अधिक त्वरेने कामाला लागतात.

भेट आणि घाव

आता प्रत्यक्ष घाव कसा पडतो ते पाहू. मारक टी-पेशीची रुंदी मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढी असते. ती ऊतींतून सरपटत एकेका पेशीला स्पर्श करीत जाते. दारातील तुकडे ओळखीचे व घरचेच असतील तर ती पुढे सरकते. जुळणारा परका तुकडा सापडला की तिचा ग्राही त्याला धरतो, आणि सीडी-८ नावाचा दुसरा रेणू त्याच एचएलएला बाजूने पकडून ती मिठी घट्ट करतो. लाखभर रेणूंच्या गर्दीत असे दहांहूनही कमी तुकडे दिसले, तरी तिला पुरेसे होते.

टी-पेशी थांबते व बाधित पेशीवर चपटी होऊन बसते. दोघींच्या स्पर्शाच्या जागेभोवती चिकट प्रथिनांचे एक कडे तयार होते. मग टी-पेशीच्या आत हालचाल सुरू होते. तिचे तारककाय आपली जागा सोडून नेमके ह्या कड्याच्या पाठीशी येते आणि त्याच्यामागून शस्त्रांनी भरलेल्या सूक्ष्म कणिका रुळांवरून याव्यात तशा येतात. दोन पेशींमधील बंदिस्त फटीत त्या आपला ऐवज सोडतात. ही सारी घटना काही मिनिटांत आटोपते. शस्त्रे कड्याच्या आतच सोडली जात असल्यामुळे शेजारच्या निरोगी पेशींना सहसा इजा पोहोचत नाही.

कणिकांतील मुख्य शस्त्रे दोन. पहिले परफोरिन, म्हणजे भोके पाडणारे प्रथिन. कॅल्शियमच्या सान्निध्यात त्याचे रेणू बाधित पेशीच्या पटलावर कडे धरून उभे राहतात आणि तेथे छिद्र पाडतात. छिद्र पडले म्हणून पेशी मरतेच असे नाही, कारण पेशीला असली भोके थोड्याच वेळात बुजविता येतात. पण तेवढ्या अवधीत दुसरे शस्त्र आत शिरते. ग्रॅन्झाइम नावाची ही विकरे होत. ती आत जाऊन पेशीतच निद्रिस्त असलेल्या दुसऱ्या विकरांना जागे करतात. प्रत्येक पेशीत जन्मापासून आत्मनाशाची एक व्यवस्था असते. ग्रॅन्झाइम तिची कळ दाबतात. केंद्रकातील डीएनएचे तुकडे होतात, पेशी आक्रसते, तिच्या पटलाला फुगवटे येतात आणि शेवटी तिची लहान लहान बंद पुरचुंडी होऊन महाभक्षक पेशी ती गिळून टाकतात. ह्या शांत मृत्यूला १९७२ मध्ये कर, वायली आणि करी ह्या शास्त्रज्ञांनी झाडावरून पाने गळणे ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'ॲपॉप्टोसिस' हे नाव दिले. पेशी अशी न मरता फुटली असती, तर तिच्यातील विषाणू आणि दाहक द्रव्ये आसपास सांडली असती. हे घर पाडले जाते ते आतल्या आत, राडारोडा रस्त्यावर न टाकता.

परफोरिन दोन्ही पेशींमधील फटीत सोडले जाते. मग मारणारी पेशी स्वतः कशी वाचते? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे दिसले की, स्पर्शाच्या जागी टी-पेशीच्या पटलातील स्निग्ध रेणू अतिशय दाटीने रचलेले असतात. त्यामुळे परफोरिनला तेथे पकड मिळत नाही. जे थोडे चिकटते त्यालाही तेथील ऋण विद्युत्भार असलेले रेणू निष्प्रभ करून ठेवतात. घाव घालून झाला की टी-पेशी मिठी सोडते आणि पुढच्या घराकडे वळते. एकच पेशी अशी अनेक पेशींचा बळी घेऊ शकते. ह्याखेरीज तिच्याजवळ आणखी एक मार्ग आहे. काही पेशींच्या पृष्ठभागावर फास नावाची एक कळ असते; टी-पेशी ती बाहेरूनच दाबून तोच शांत मृत्यू घडवून आणते.

शस्त्र नसले तर

ह्या व्यवस्थेची किंमत ती बिघडते तेव्हा कळते. काही अर्भके परफोरिनच्या जनुकात दोष घेऊन जन्माला येतात. सन १९९९ मध्ये हा संबंध उघडकीस आला. अशा बालकाच्या टी-पेशी बाधित पेशीला बरोबर ओळखतात, तिला मिठीही मारतात, परंतु तिला मारू शकत नाहीत. आणि शत्रू मरत नाही म्हणून मिठी सुटत नाही. टी-पेशी तशीच चिकटून राहते आणि धोक्याची सूचना देणारी रसायने सतत बाहेर सोडीत राहते. त्या हाकेने महाभक्षक पेशी चेकाळतात. ताप उतरत नाही, यकृत व प्लीहा वाढतात, रक्तातील पेशी घटत जातात. वेळीच उपचार न मिळाल्यास बालक दगावते. आधी औषधांनी हा दाह आवरणे आणि मग निरोगी दात्याच्या अस्थिमज्जेचे रोपण करणे, हा ह्या रोगावरील मार्ग आहे. शत्रूचा वेळीच नाश होणे हे लढाई थांबविण्यासाठीही आवश्यक असते, हे ह्या दुर्दैवी रोगाने शिकविले.

शत्रूचे डावपेच

विषाणू आणि कर्कपेशी स्वस्थ बसत नाहीत. पेशीची वानगी दारात दिसली तर आपण पकडले जाऊ, म्हणून नागीण वर्गातील काही विषाणू तुकडे वाहून नेण्याची वाटच अडवितात किंवा एचएलए रेणूंना दारापर्यंत येऊ देत नाहीत. पुष्कळ कर्कपेशीही आपले एचएलए दडवितात. ह्या डावाला शरीराजवळ प्रतिडाव आहे. नैसर्गिक मारक पेशी नावाच्या दुसऱ्या लसीका पेशी उलटी परीक्षा घेतात. ज्या दारात वानगीच मांडलेली नाही, त्या घराचा त्यांना संशय येतो.

दुसरा डाव अधिक धूर्त आहे. मारक टी-पेशींनी अतिरेक करू नये म्हणून त्यांच्या अंगी लगाम ठेवलेले असतात. पुष्कळ कर्कपेशी हाच लगाम खेचून धरतात. मग टी-पेशी समोर असूनही थिजून राहते. अमेरिकेतील जेम्स ॲलिसन आणि जपानमधील तासुकू होंजो ह्यांनी असे दोन लगाम अभ्यासले आणि ते सैल करण्याची वाट दाखविली. त्यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या तत्त्वावरील औषधे आज अनेक प्रकारच्या कर्करोगांत दिली जातात.

मुंबईत मिळालेला नवा डोळा

तिसरा मार्ग असा की, टी-पेशीचा हात तसाच ठेवावा आणि तिला डोळा मात्र नवा द्यावा. इस्रायलमधील झेलिग एशहार ह्यांनी १९८९ मध्ये ही कल्पना प्रयोगाने मांडली. प्रतिपिंडाचा शत्रूला पकडणारा भाग आणि टी-पेशीच्या ग्राहीचा आत सूचना देणारा भाग एकत्र जोडून त्यांनी एक संकरित ग्राही तयार केला. असा ग्राही बसविलेल्या पेशींना आज कार-टी पेशी म्हणतात. ह्या डोळ्याला वानगीची गरज नसते. तो कर्कपेशीच्या पृष्ठभागावरील एखादे प्रथिन सरळ पाहतो. म्हणून एचएलए दडविण्याचा डाव त्याच्यापुढे चालत नाही.

रक्ताच्या काही कर्करोगांत बी-पेशी बेसुमार वाढतात, आणि त्यांच्या पृष्ठभागावर सीडी-१९ नावाचे प्रथिन असते. त्याच्यावर रोख धरणाऱ्या उपचाराला अमेरिकेत २०१७ मध्ये प्रथम मान्यता मिळाली. आरंभी एका रुग्णामागे त्याची किंमत ४,७५,००० डॉलर होती. भारतातील फारच थोड्या कुटुंबांना हा खर्च झेपला असता.

पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत राहुल पुरवार ह्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा ग्राही येथेच घडविण्याचे काम हाती घेतले. परळचे टाटा स्मारक रुग्णालय आणि त्याच संस्थेचे खारघर येथील संशोधन केंद्र ह्यांतील हसमुख जैन, गौरव नरुला आदी वैद्य त्यांच्या बरोबरीने उभे राहिले. ४ जून २०२१ रोजी खारघर येथील केंद्रात रुग्णावर ह्या उपचाराचा पहिला प्रयोग झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने 'नेक्सकार-१९' ह्या नावाने त्याला मान्यता दिली; ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू ह्यांच्या हस्ते पवई येथे त्याचे औपचारिक उद्घाटन झाले.

उपचाराची रीत थोडक्यात अशी. रुग्णाचे रक्त एका यंत्रातून फिरवून त्यातील टी-पेशी वेगळ्या काढतात. अपायकारक भाग काढून टाकलेल्या एका विषाणूच्या साहाय्याने नव्या ग्राहीचे जनुक त्यांत शिरवितात. विषाणूंशी लढणाऱ्या पेशीला येथे विषाणूच वाहन म्हणून उपयोगी पडतो. पेशींची संख्या प्रयोगशाळेत वाढविली जाते आणि काही दिवसांनी त्या रुग्णाच्या शिरेत परत सोडल्या जातात. पुढे जे घडते ते आपल्या ओळखीचेच आहे: तोच स्पर्श, तेच परफोरिन आणि तेच ग्रॅन्झाइम.

इतर उपचारांना दाद न दिलेल्या किंवा रोग उलटलेल्या ६४ रुग्णांवरील अनुभव २०२५ मध्ये 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांच्या बाबतीत परिणाम मोजता आला अशा ५१ रुग्णांपैकी ७३ टक्के रुग्णांत रोगाने माघार घेतल्याचे दिसले. २०२४ मध्ये उपचाराची किंमत ३० ते ४० लाख रुपयांच्या घरात सांगितली गेली. ती परदेशातील किमतीच्या सुमारे दशांश आहे.

ह्या यशाच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. सीडी-१९ निरोगी बी-पेशींवरही असते, म्हणून त्याही मारल्या जातात आणि रुग्णाला काही काळ संसर्गापासून जपावे लागते. एकाच वेळी असंख्य पेशींनी हल्ला चढविला की धोक्याची रसायने रक्तात उसळतात. तीव्र ताप येतो, रक्तदाब घसरतो, आणि अनुभवी डॉक्टरांची देखरेख अत्यावश्यक ठरते. फुप्फुस, स्तन किंवा आतडे ह्यांतील गाठींच्या कर्करोगांत हे यश अजून तितकेसे मिळालेले नाही. निरोगी पेशींवर नसलेली आणि कर्कपेशींवर हमखास असलेली खूण तेथे सापडणे कठीण आहे. आणि दशांश झाली तरी तीस-चाळीस लाखांची रक्कम सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचीच आहे.

शस्त्र निसर्गाने घडविलेले आहे, आणि ते कसे चालते हेही आपल्याला बरेचसे कळले आहे. रोख कोणावर धरावयाचा, हा प्रश्न मात्र प्रत्येक रोगात नव्याने सोडवावा लागतो. उंदरांच्या दोन वाणांत पडलेल्या फरकाचा विचार दोन तरुणांनी सोडून दिला नाही, म्हणून कुळाची खूण सापडली. निरुपयोगी मानलेली ग्रंथी एकाने तपासून पाहिली, म्हणून थायमसचे कार्य कळले. ह्यापुढील खुणाही अशाच सापडावयाच्या आहेत, आणि त्या शोधणारांपैकी काहीजण आज आपल्या शाळांतील बाकांवर बसलेले असतील.